सासूबाईंच्या नोंदी सार्वजनिक होतात

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला तेव्हा जावई गालाला साबण लावून आरशासमोर उभा होता.

"जावईबापू, तुमच्या साइटचं पोट भरलंय," सासूबाई म्हणाल्या. "कालचा सराव आत घ्यायलाच तयार नाही. जागा नाही म्हणते."

"दुपारी येऊन बघतो, आई."

"सावकाश या. पण दहा दिवसांवर कार्यक्रम आलाय. कालचा सराव मिळाला नाही तर शिंपीणबाई मला फोन करतील, आणि त्या एकदाच करत नाहीत."

ही साइट जावयानेच बांधली होती. सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आपल्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांचा गायनवर्ग काढला. पियानो घरचा होता, खुर्च्या शेजाऱ्यांच्या होत्या आणि माणसं कुठून कुठून पंधरा जमली. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी ही मंडळी समूहगान करायची. सराव रेकॉर्ड व्हायचा, साइटवर चढायचा, नवी फाइल आली की प्रत्येकाला आपोआप मेल जायची आणि मग आठवडाभर जो तो भांडी घासताना, गाडी पुसताना आपलाच आवाज ऐकत राहायचा. हा सगळा कारभार सासूबाईंच्या कपाटात, चादरींच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा.

पंधरांपैकी एक जण खुद्द जावई होता. पुरुषांचे आवाज कमी पडतात म्हणून आधीपासून वर्गात गाणाऱ्या बायकोने त्याला भरती केलं होतं. पहिले दोन आठवडे तो मन लावून गायला. मग साइटची चाचणी घेताना त्याने मागच्या रांगेचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात कोणीतरी अडकलेलं दार ओढल्यासारखा आवाज काढत होतं, आणि ते कोण हे शोधायला त्याला फारसा वेळ लागला नाही. तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, तो मागच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवत असे. शब्द पाठ होते, ताल चुकत नव्हता, श्वाससुद्धा जिथल्या तिथे घ्यायचा. ही गोष्ट जगात कोणालाही ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती.

दुपारी तो कपाटापुढे मांडी घालून बसला आणि सासूबाईंना समजावून सांगू लागला. ऑफिसात तो दिवसभर हेच करायचा, त्यामुळे बोलण्यात एक सराईतपणा होता.

"असं बघा, आई. आत्तापर्यंत आपण सगळं सामान घरातल्या कपाटात ठेवत होतो. त्याला आम्ही लोकल म्हणतो. ते भरलं. आता बाहेर एक मोठं गोदाम घ्यायचं, ते क्लाउड. साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे ना, ते मोठं शहाणं असतं. त्याला एका ओळीत सांगायचं, आजपासून सामान इथे नाही, तिथे. बाकी काही हलवावं लागत नाही. एकच शब्द बदलायचा."

"एकच शब्द?"

"एकच शब्द."

"आणि मी इतकी वर्षं घर आवरतेय," असं म्हणून सासूबाई चहा टाकायला गेल्या.

त्याने 'लोकल' खोडून 'क्लाउड' लिहिलं आणि जुन्या फाइली आणि कालचा सराव वर पाठवायला लागला. अर्ध्या तासाने त्याने समाधानाने हाक मारली, "आई, तुमची सगळी मंडळी वर गेली एकदाची."

आत कप ठेवल्याचा आवाज आला. "शब्द जरा जपून वापरा हो," सासूबाई म्हणाल्या. "दोघं जण सत्तरीच्या पुढचे आहेत."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पुढच्या पाच मिनिटांत, आणि त्याला निमित्त झालं शिंपीणबाईंच्या फोनचं.

"प्रवेश नाकारला म्हणतंय," शिंपीणबाई म्हणाल्या. "मी काय केलंय? मागच्या शनिवारी उशिरा आले म्हणून का?"

"नाही हो. एक मिनिट धरा."

गोदामातल्या प्रत्येक फाइलवर एक पाटी असते, प्रायव्हेट नाहीतर पब्लिक. घरच्या कपाटात या पाट्यांची कोणी फिकीर केली नव्हती. साइटला दाखवायचं ते ती दाखवायची आणि झाकायचं ते झाकायची. गोदामाचा पहारेकरी मात्र कडक निघाला. त्याने आल्या आल्या सगळ्याच सामानावर प्रायव्हेट लिहून दार लावून घेतलं होतं. जावयाने सरसकट सगळ्या फाइलींवर एका फटक्यात पब्लिकची पाटी लावली. ऑफिसात नव्याने आलेल्या लोकांना तो नेमकं हेच बजावून सांगायचा की एका फटक्यात काही करू नका, आधी आत काय आहे ते बघा. पण चहा निवत होता आणि शिंपीणबाई फोनवर श्वास रोखून होत्या.

"आता बघा."

"लागलं," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण सराव एकच होता ना? इथे तर सोळा फाइली आल्यात."

"जुन्या असतील. दुर्लक्ष करा."

दुर्लक्ष करा असं सांगितल्यावर कोणी दुर्लक्ष केल्याचं उदाहरण अजून कोणाच्या पाहण्यात नाही. जावयाने मात्र निश्चिंतपणे चहा घेतला आणि तो घरी गेला.

सोमवारी सकाळी ऑफिसात त्याला दंतवैद्यांचा फोन आला. दंतवैद्य वर्गात दुसऱ्या रांगेत उभे राहायचे.

"एक विचारू का? खरं सांगा हं. मी तोंड उघडत नाही का?"

"कुठे?"

"गाताना. तुमच्या सासूबाई म्हणतायत. 'दंतवैद्य दिवसभर लोकांना आ करायला लावतात आणि स्वतः मात्र ओठ शिवून गातात.' एक मिनिट चाळीस सेकंद आहे. मी चारदा ऐकलं. खुर्चीत पेशंट होता, त्यानेही ऐकलं. त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने मान हलवली."

जावयाने घाईघाईने साइट उघडली.

सासूबाई कोणालाही तोंडावर कधी वाईट बोलत नसत. कोणी बेसूर झालं, की "छान." कोणी सगळ्यांच्या आधी सुरू झालं, की "छान, उत्साह आहे." कोणी कडवंच विसरलं, तरी "छान, पुढचं घेऊ." पण वर्ग संपून मंडळी पांगली की त्या साइटवर स्वतःपुरता ठेवलेला एक कप्पा उघडायच्या, त्याचं नाव 'नोंदी', आणि त्यात एकेकाबद्दल खरं काय ते बोलून ठेवायच्या. प्रत्येकाची एक फाइल, त्यावर त्याचं नाव. दर वर्गानंतर तीच नव्याने भरायची. तो कप्पा त्यांच्याशिवाय कोणाला दिसायचा नाही. रविवारी दुपारपासून तो सगळ्यांना दिसत होता. नवी फाइल आली की मेल जायची व्यवस्था चोख असल्यामुळे प्रत्येकाला पंधरा मेल गेल्या होत्या. 'तुमच्यासाठी नवा सराव: पोस्टमास्तर.' 'तुमच्यासाठी नवा सराव: शिंपीणबाई.'

यादीत शेवटून तिसरं नाव 'जावई' होतं. जावयाचं बोट तिथे थांबलं. दुसऱ्याची खासगी फाइल उघडायची नाही, हे त्याचं तत्त्व होतं. एखादं तत्त्व इतक्या वेळेवर मदतीला धावून येतं, हा अनुभव त्याला पहिलाच. त्याने काही न ऐकता पंधराच्या पंधरा फाइलींवर प्रायव्हेटची पाटी लावली. पण तोवर शिंपीणबाईंनी त्या सगळ्या उतरवून घेतल्या होत्या आणि ज्यांना उघडता येत नव्हत्या त्यांना शेजारधर्म म्हणून पाठवल्याही होत्या.

"तू ऐकल्यास?" संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं.

"सगळ्या," बायको म्हणाली. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आईला मेल उघडायची सवय नाही, तिला अजून काही माहीत नाही. उद्या वर्गाच्या आधी जा आणि तू स्वतः सांग."

माझ्या नोंदीत काय आहे, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं आणि ओठांवरच राहिलं. त्याचे ओठ त्या कामात तरबेज होते.

मंगळवारी पाच वाजता तो गेला तेव्हा सासूबाई खुर्च्या मांडत होत्या. त्याने दोन खुर्च्या उचलून मांडल्या आणि तिसरी हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. सासूबाई पियानोच्या स्टुलावर बसल्या.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"पोस्टमास्तरांनीही? अहो, मी म्हटलंय की ते प्रत्येक शब्दावर शिक्का मारतात."

"ऐकलं असणार, आई. चूक माझी आहे. मी न बघता..."

"तुमची काही चूक नाही. मीच बोलून ठेवलं ना." त्यांनी पियानोचं झाकण उगाच उघडलं आणि परत लावलं. "नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. शाळेचा कार्यक्रम जवळ आला होता आणि तिचा सूर काही केल्या लागत नव्हता. मी तिला म्हटलं, बाळ, तू नुसते ओठ हलव. हो म्हणाली, हसली. पुढे पाच वर्षं ती शाळेत होती, पण मी तिला कधी गुणगुणतानासुद्धा पाहिलं नाही. तेव्हा ठरवलं, जे काय खरं ते भिंतीला सांगायचं, माणसाला छान म्हणायचं."

जावयाने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"आज सगळ्यांची माफी मागते आणि वर्ग बंद करते," सासूबाई म्हणाल्या. "कार्यक्रमही नको. ज्या तोंडाने छान म्हटलं ते तोंड घेऊन आता त्यांच्यासमोर कशी उभी राहू?"

जावयाला फार वाईट वाटलं. त्या घरात आठवड्याला मंगळवार आणि शनिवार हे दोनच वार होते, बाकीचे पाच त्यांची वाट बघण्यात जायचे. ते दोन्ही वार त्याने एका शब्दात पुसून टाकले होते.

साडेपाचला दार वाजलं. वर्ग सहाचा असायचा आणि मंडळी सव्वासहाला यायची. आज सगळे अर्धा तास आधी आले होते आणि जिन्यातूनच त्यांची बाचाबाची ऐकू येत होती. आत येऊन कोणी बसलं नाही.

"मंडळी, मला काहीतरी सांगायचंय," सासूबाई उठून म्हणाल्या.

"आधी मला सांगायचंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. तीन वर्षांत ग्रंथपालबाईंचा आवाज गाण्याव्यतिरिक्त कोणी ऐकला नव्हता. "दंतवैद्यांना एक मिनिट चाळीस सेकंद. शिंपीणबाईंना दोन मिनिटं. आणि मला चार सेकंद. 'ग्रंथपालबाई. सुरात. ठीक.' बस्स. माझ्यात चुकण्यासारखंही काही नाही का?"

"अहो, ते कौतुक आहे," दंतवैद्य म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. तुमच्याबद्दल किती भरभरून बोलल्यात."

"मला म्हटलंय, मी ओळ मधेच कापते," शिंपीणबाई पिशवीतून एक कागद काढत म्हणाल्या. "तीस वर्षं कापड कापतेय, एकदा कात्री चुकली नाही. इथे कुठे कापायचं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. काल बसले आणि सगळ्या गाण्यावर खुणा करून टाकल्या." त्यांनी कागद पुढे धरला. त्यावर जागोजागी खडूच्या निळ्या रेघा होत्या आणि दोन ठिकाणी टाचण्या टोचलेल्या होत्या.

एवढ्यात पोस्टमास्तर पियानोजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि गाण्याची पहिली ओळ हळू आवाजात, एका श्वासात म्हटली.

"आता?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"छा..." सासूबाई सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. पंधरा जण त्यांच्याकडे बघत होते. "शेवटचा शब्द अजून आपटतोय," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला. "हे बघा. आता कसं कळलं."

"तुमच्या छानला आम्ही घाबरायचो हो," शिंपीणबाई म्हणाल्या. "घरी जाऊन विचार करत बसायचो, आजचं छान कसलं असेल."

सासूबाई खाली बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी पियानोवर सूर दिला. वर्ग बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं असलं तरी त्या काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी गाणं वेगळंच वाजलं. दंतवैद्यांनी इतका मोठा आ केला की त्यांची स्वतःची अक्कलदाढ दिसत होती.

जावयाला मात्र काहीतरी चमत्कारिक जाणवत होतं. दंतवैद्यांनी जाता येता त्याच्या पाठीवर थोपटलं. ग्रंथपालबाईंनी त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला. शेजारी उभे असलेले पोस्टमास्तर तर सबंध वर्गभर कान त्याच्या तोंडाकडे करून गात होते. जावई नेहमीसारखाच, तालात, ओठ हलवत होता.

शेवटी ठरलं ते असं, की नोंदी चालू राहाव्यात, पण ज्याची त्याने ऐकावी. ग्रंथपालबाईंनी चार सेकंदांचं निदान पाऊण मिनिट करून घेतलं. जावयाने या वेळी एकेक फाइल तपासत काम केलं. सगळं सामान प्रायव्हेट राहणार, प्रत्येकाला फक्त त्याच्या नोंदीची किल्ली मेलने जाणार आणि तासाभराने ती आपोआप निकामी होणार. किल्ल्या कार्यक्रमाच्या दिवशी निघाव्यात, म्हणजे ज्याला त्याला स्टेजवर जाण्याआधी आपली चूक आठवेल, अशी सूचना दंतवैद्यांची होती.

कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता. मागच्या पॅसेजमध्ये, कोट टांगायच्या खुंट्यांखाली बाकावर बसला असताना जावयाचा फोन वाजला. 'तुमची नोंद. एक तास उघडी राहील.' साइटने आपल्या बनवणाऱ्यालाही सोडलं नव्हतं. तारीख त्या घोळाच्या आदल्या शनिवारचीच होती; ही एक नोंद सासूबाईंनी नव्याने भरली नव्हती. आता ती त्याचीच फाइल होती, तेव्हा तत्त्व काही मदतीला आलं नाही. त्याने फोन कानाला लावला.

"जावई," सासूबाईंचा आवाज आला. "तीन वर्षं मागच्या रांगेत नुसते ओठ हलवतोय. त्याला वाटतं मला कळत नाही. कोणी सांगितलं नाही त्याला तसं करायला, स्वतःच ठरवलं पोराने. ताल कधी चुकला नाही त्याचा. एक वर्ग बुडवला नाही. गात नाही, तरी येतो. खुर्च्या लावतो, खुर्च्या उचलतो." मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. "सूर नाहीच त्याला. पण मला पंधरा आवाज हवेत, चौदा आवाज आणि एक तोंड नकोय. त्याला गायला लावायचं. कसं ते अजून सुचत नाही. जावयाला काही म्हणता येत नाही ना."

त्याने नोंद दुसऱ्यांदा ऐकली नाही. एकदाच पुरली. पाठीवरची थाप, पाण्याचा ग्लास, पोस्टमास्तरांचा कान, सगळ्याचा उलगडा झाला. गेले कित्येक दिवस अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं आणि कोणी त्याला हसलं नव्हतं. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. समोर सासूबाई त्याला नेहमी तुम्ही म्हणायच्या, जावईबापू म्हणायच्या. त्या बंद कप्प्यात तो नुसता 'तो' होता, पोर होता.

पडदा सरकला. मंडळी तीन रांगांत उभी राहिली. सासूबाईंनी हात वर केला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मागच्या रांगेत येऊन थांबली. मग, प्रेक्षकांकडे पाठ असल्यामुळे कोणाला दिसणार नाही अशा बेताने, त्यांनी नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही.

तीन वर्षं हाच उद्योग केल्यामुळे जावयाला ओठ वाचता येत होते. ते 'म्हणा' नव्हतं. शेवटी तोंड उघडलं नव्हतं, जीभ टाळूलाच टेकून राहिली होती. ते 'म्हण' होतं.

हात खाली आला आणि जावई गायला. अडकलेलं दार करकरत उघडलं. पोस्टमास्तर दचकून अर्धं पाऊल बाजूला सरले, मग परत जागेवर आले आणि त्यांनी आपला आवाज जरा वाढवला, सांभाळून घ्यायला. पहिल्या रांगेतून बायकोने मागे वळून पाहिलं, जे गाताना करायचं नसतं. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज तर फारच भरकटला, पण तो थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत त्याला घाम फुटला होता आणि कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

टाळ्या झाल्या, पडदा पडला आणि सगळे पॅसेजमध्ये चहाला जमले. सासूबाई मात्र पाच मिनिटं कुठे दिसल्या नाहीत. त्या परत आल्या आणि जावयाचा फोन वाजला. नवी नोंद होती. त्याने फोन कानाला लावला.

"जावई. बेसूर. छान."

"किती सेकंद?" शेजारून ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"चार."

"अरे वा," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला कप त्याच्या कपाशेजारी ठेवला.

जावयाने साइट उघडली. 'नोंदी'च्या कप्प्यात जाऊन तेवढी एक फाइल शोधली, आत काय आहे ते परत एकदा नीट ऐकून खात्री करून घेतली आणि तिच्यावरची प्रायव्हेटची पाटी काढून पब्लिकची लावली. पुढच्याच क्षणी पॅसेजमध्ये पंधरा फोन एकामागून एक वाजले, पिशव्यांतून, कोटांतून, खिशांतून. चहा पिणाऱ्या मंडळींनी आपापले फोन कानाला लावले आणि एकेक जण जावयाकडे बघायला लागला.

सासूबाईंनी काळजीने विचारलं, "जावईबापू, परत काही झालं का हो?"

"काही नाही, आई," जावई म्हणाला. "एकच शब्द बदलला."